उन्हाला न बधणारे पोलाद

धारवाडच्या सप्तापूर भागाकडे फिरावयास जाणाऱ्या माणसाला कर्नाटक महाविद्यालयाची जुनी, प्रशस्त वास्तू लागते. ही वास्तू मुळात विद्यार्थ्यांसाठी बांधलेली नव्हती, हे पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानी येत नाही. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीची ती मुख्य कचेरी होती. पुणे, सातारा, मिरज, बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी अशी गावे एका रुळाने बांधणारी ही कंपनी १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी एकत्र झाली. मुख्य कचेरी मद्रासेस गेली आणि १९१७ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाला पुढे ही वास्तू मिळाली. जेथे रुळांचे हिशेब होत तेथे पदार्थविज्ञानाचे धडे होऊ लागले. या दोन उद्योगांत वाटते तितके अंतर नाही.

रेल्वेच्या कोणत्याही अभियंत्याला पदार्थविज्ञानाचा एक धडा आयुष्यभर गिरवावा लागतो. लोखंड उन्हात वाढते, थंडीत आखडते. तेरा मीटर लांबीचा रूळ घेतला आणि पौषातील पहाट व वैशाखातील दुपार यांच्यामध्ये रुळाच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर त्या एका रुळाची लांबी सुमारे ६ मिलिमीटरने बदलते. म्हणून जुन्या मार्गांवर दोन रुळांच्या मध्ये फट ठेवीत. आगगाडीच्या प्रवासात कानात बसणारा तो ठेका या फटींचाच. फट ठेवली नाही तर रूळ वाकतो. अभियंता लोखंडाशी भांडत बसत नाही. त्याला वाढावयास जागा देतो आणि मोकळा होतो.

परंतु ज्याचे लोखंड हीच ज्याची मोजपट्टी, त्याने फट कोठे ठेवावी?

आपल्याकडच्या शेताच्या मोजणीत हा प्रश्न कधी उपस्थित झाला नाही. मुंबई इलाख्यातील मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. सकाळपासून दुपारपर्यंत तापमान २० अंशांनी चढले तर अशा लोखंडी साखळीची लांबी इंचाच्या अकराव्या हिश्श्याइतकी वाढेल. बांधावरून तीन पिढ्या भांडणारे भाऊबंदही तेवढ्यासाठी कचेरीची पायरी चढणार नाहीत. मात्र शेताऐवजी सगळा देश मोजावयाचा, किंबहुना पृथ्वीचा आकारच ठरवावयाचा म्हटला, की हाच केसभर फरक डोंगराएवढा होतो.

श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडल्यानंतर इंग्रजी फौजेतील विल्यम लॅम्टन या अधिकाऱ्याने नेमका तोच संकल्प सोडला. पद्धत त्रिकोणांची. जमिनीवर एक सरळ रेषा अत्यंत काटेकोर मोजावयाची. तिला पायारेषा म्हणू. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहून कोन घ्यावयाचे. एक बाजू व दोन कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. मग त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण, त्यावर आणखी पुढचा. अशा रीतीने शेकडो मैल साखळी न टाकता मोजता येतात. पण सगळी इमारत उभी राहते त्या पहिल्या रेषेवर, आणि रेषा मोजावयाची पोलादाच्या साखळीने.

लॅम्टनची साखळी लंडनच्या जेसी रॅम्सडेन या विख्यात कारागिराने केलेली होती. लांबी १०० फूट, अडीच अडीच फुटांच्या ४० कड्या. तिची हकीकत मोठी गमतीची आहे. लॉर्ड मॅकार्टनीच्या वकिलातीबरोबर १७९३ मध्ये चीनच्या बादशहाला नजर करावयाच्या वस्तूंत ती गेली होती. बादशाही दरबाराला इंग्रजांच्या यंत्रांचे अप्रूप वाटले नाही, आणि वकिलातीतील डॉ. डिनविडी यांच्या हाती राहिलेली ही साखळी कलकत्त्यामार्गे लॅम्टनकडे आली. चीनने नाकारलेल्या साखळीने हिंदुस्थान मोजला जावयाचा होता.

१८०२ च्या एप्रिलात मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी साडेसात मैलांची पायारेषा मोजण्यास सुरुवात झाली. साखळी जमिनीवर टाकावयाची नाही. लाकडी पेट्यांत, तिवयांवर, समपातळीत ताणून धरावयाची. तिच्या लगत तापमापक ठेवावयाचे. शंभर फूट झाले की टोक अचूक राखून साखळी पुढे न्यावयाची. असे सुमारे ४०० वेळा. साडेसात मैलांना ५७ दिवस लागले. दररोज फर्लांगभर चालण्याच्या या गतीला कोणी हसेल. त्याने पुढील हिशेब पाहावा.

पोलाद दर अंशाला लाखात सव्वा भागाहून थोडे कमी वाढते. साडेसात मैलांच्या रेषेत याचा अर्थ, सगळीकडे तापमान एका अंशाने चुकीचे धरले तर सुमारे साडेपाच इंचांची चूक. आणि पहाटे व दुपारी मोजलेल्या साखळ्यांत भेदच केला नाही, २० अंशांचा फरक पडू दिला, तर नऊ फूट. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचा जो सोळाशे मैलांचा महाकंस पुढे मोजला गेला, तो सर्वस्वी अशा एकाच रेषेवर तोलला असता, तर तिच्यातील एका अंशाच्या चुकीने त्या टोकाला शंभर फुटांच्या आसपास फरक पडला असता. म्हणून तर वाटेत जागोजाग नव्या पायारेषा मोजून जुने गणित ताडून पाहावे लागे. तापमापकातील पाऱ्याकडे पाहताना लॅम्टन हवापाणी पाहत नव्हता. आपल्या आयुष्याचे काम खरे ठरते की खोटे, हे पाहत होता.

यातील खरी अडचण सूक्ष्म आहे. तापमापक हवेचे तापमान सांगतो, फार तर पेटीतील हवेचे. साखळीचे तापमान तेच असेल याची हमी कोण देणार? ढग आला की हवा आधी निवते, पोलाद मागाहून. शंभर फुटांत एक टोक सावलीत आणि दुसरे उन्हात. हिशेबात दुरुस्ती करता येते. पण ज्या आकड्यावरून दुरुस्ती करावयाची तोच आकडा संशयित असेल तर काय करावे? साखळी ताडून पाहण्यासाठी लॅम्टनने तशीच दुसरी साखळी जपून ठेवली होती. अर्थात् तीही पोलादाचीच.

वीस वर्षे हा माणूस रानोमाळ फिरला. २० जानेवारी १८२३ रोजी हैदराबादेहून नागपूरकडे जात असता वर्धेजवळ हिंगणघाट येथे तो मरण पावला. वय सत्तरीच्या घरात होते. त्याची कबर तेथेच आहे. वैशाखात पारा ४५ अंशांना भिडणाऱ्या त्या मुलुखात उष्णतेशी आयुष्यभर हुज्जत घालणाऱ्या मोजणीदाराने देह ठेवावा, हा निव्वळ योगायोग. तो माघ-पौषाच्या थंडीत गेला हेही सांगितले पाहिजे.

त्याचा वारस जॉर्ज एव्हरेस्ट. शिखराला त्याचे नाव मिळाल्यामुळे तो जगाला ठाऊक झाला, परंतु मराठी मुलुखाशी त्याचे खरे नाते निराळे आहे. १८३० मध्ये त्याने प्रसिद्ध केलेला ग्रंथ १८ अंश ३ कलांपासून २४ अंश ७ कलांपर्यंतच्या कंसाचा आहे. म्हणजे बिदरजवळच्या दमरगिद्यापासून निघून मराठवाडा, वऱ्हाड व सातपुडा ओलांडून माळव्यात सिरोंजजवळच्या कल्याणपूरपर्यंत. हे काम करताना तो तापाने इतका खंगला की प्रकृतीसाठी त्याला मायदेशी जावे लागले. परतताना त्याने एक नवे साधन आणले.

हे साधन थॉमस कोल्बी या अधिकाऱ्याने आयर्लंडच्या मोजणीसाठी तयार करविलेले होते. कल्पना देखणी आहे. दहा फुटांच्या दोन पट्ट्या, एक लोखंडाची व एक पितळेची, शेजारी शेजारी ठेवून मध्यभागी एकमेकींना जखडलेल्या. टोके मोकळी. पितळ लोखंडापेक्षा अधिक वाढते. लोखंड तीन भाग वाढले तर पितळ पाच. दोन्ही टोकांना एक एक आडवी जीभ बसविलेली, ती दोन्ही पट्ट्यांना खिळीवर फिरते. तापमान चढले की पितळेचे टोक अधिक पुढे सरकते, लोखंडाचे कमी, आणि जीभ तिरपी होते. त्या जिभेवर लोखंडाच्या बाजूला पुढे एक बिंदू असा सापडतो की जीभ कितीही तिरपी होवो, तो बिंदू जागचा हलत नाही. तराजूची दांडी वरखाली होते पण टेकू हलत नाही, तशातला प्रकार. दोन टोकांच्या त्या दोन बिंदूंमधील अंतर हीच मोजपट्टी. दोन्ही धातू वाढतात. त्यांचे माप वाढत नाही.

एव्हरेस्टने या पट्ट्यांनी १८३१-३२ मध्ये कलकत्त्याजवळ, १८३४-३५ मध्ये डेहराडूनला पायारेषा मोजल्या. साखळीने पूर्वी मोजलेली सिरोंजची रेषा १८३७-३८ मध्ये पुन्हा मोजविली. १८४१ मध्ये अँड्र्यू वॉ याच्या देखरेखीखाली बिदरची रेषा झाली. पट्ट्यांच्या फटींत सूक्ष्मदर्शके, वर तंबूंचा आडोसा, भोवती माणसांचा ताफा. साखळीपेक्षा हे काम निःसंशय सरस होते. तरीही दोष गेला नाही; त्याने जागा बदलली इतकेच. पितळ व लोखंड एकाच वेगाने तापत नाहीत व निवत नाहीत. पट्ट्यांचे पृष्ठभाग काळे वगैरे करून हा वेग सारखा आणण्याचा प्रयत्न झाला, पण सकाळी चढत्या उन्हात एक धातू पुढे आणि दुपारनंतर दुसरा मागे, हा खेळ चालूच राहिला. दोन धातूंना एकमेकांविरुद्ध उभे करून उष्णतेला फसवावयाचे, ही युक्ती येथे संपली. हवा होता तो न वाढणारा एकच धातू. असा धातू असू शकेल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

तो सापडला मोजणीच्या मैदानापासून दूर. १८७५ च्या मीटर-करारानुसार पॅरिसजवळ सेव्र येथे वजनमापांची आंतरराष्ट्रीय कचेरी स्थापन झाली होती. मूळ मीटर प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूचा. उत्तम, पण फार महाग. प्रयोगशाळांना, कारखान्यांना परवडेल असा, न गंजणारा, न बदलणारा स्वस्त धातू मिळावा या शोधात तेथील एक तरुण स्विस शास्त्रज्ञ होता. शार्ल एदुआर गियोम हे त्याचे नाव. १८६१ मध्ये फ्लरिए या गावी घड्याळे करणाऱ्या घराण्यात त्याचा जन्म झाला आणि १८८३ मध्ये तो सेव्रच्या कचेरीत दाखल झाला. घड्याळजीच्या घरी वाढलेल्या मुलाला उष्णतेने बिघडणाऱ्या मापाची कथा कोणी सांगावयास नको होती. उन्हाळ्यात लंबक लांबतो व घड्याळ मागे पडते, हे त्या घरांत तोंडपाठ असते.

१८९५ मध्ये त्याच्या कचेरीचे प्रमुख बेन्वा यांना निकेल मिसळलेल्या पोलादाचा एक नमुना तपासताना दिसले की तो नेहमीच्या पोलादापेक्षा फारच अधिक, जवळजवळ पितळेइतका वाढतो. दुसऱ्या वर्षी गियोमच्या हाती सुमारे शेकडा ३० भाग निकेल असलेला गज आला आणि तो उलट प्लॅटिनमपेक्षाही कमी वाढतो असे आढळले. दोन घटक तेच, प्रमाणात थोडा फरक, आणि वागणूक दोन टोकांची! साधा माणूस मोजमापात चूक झाली म्हणून सोडून देता. गियोमने आंफी येथील पोलाद कारखान्याकडून निरनिराळ्या प्रमाणांचे नमुने मागविले आणि एकामागून एक मोजीत गेला. शेकडा ३६ भाग निकेल व बाकी लोखंड या प्रमाणाला प्रसरण सर्वांत कमी झाले: पोलादाच्या सुमारे दहावा हिस्सा, दर अंशाला दहा लाखांत एक भागाच्या आसपास. न बदलणारे या अर्थी ‘इन्व्हार’ हे नाव जिनिव्हाचे प्राध्यापक त्यूरी यांनी सुचविले.

लॅम्टनच्या रेषेत २० अंशांचा फरक नऊ फुटांची चूक करीत होता. इन्व्हारची साखळी असती तर ती चूक फूटभरावर आली असती, आणि तीही तापमापकाकडे नुसते लक्ष ठेवून जवळजवळ पुसून टाकता आली असती. स्वीडनच्या येदरीन यांनी साखळी व पट्ट्यांऐवजी ताणलेल्या तारांनी मोजण्याची पद्धत काढलीच होती. तिला इन्व्हारची तार मिळताच सगळ्या जगाची पायारेषांची रीत पालटली. २४ मीटरची तार दोन तिवयांवरून ठराविक वजनाने ताणावयाची, टोकांच्या खुणा वाचावयाच्या, पुढे चालावयाचे. जेथे मोठ्या ताफ्याला दिवसाकाठी काही शे मीटर मोजता येत, तेथे मूठभर माणसे काही किलोमीटर मोजू लागली. स्पिट्सबर्गेनच्या बर्फात या तारा गेल्या. विसाव्या शतकात भारतीय सर्वेक्षण खात्यानेही त्या स्वीकारल्या. गियोमने स्वतः १९१२ मध्ये जमिनीपासून आयफेल मनोऱ्याच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत अशी तार ताणून, ऊन व वारा यांनी तो लोखंडी मनोरा कसा वरखाली होतो ते नोंदवून दाखविले.

इन्व्हार अगदीच निर्दोष नव्हते. ही तार घडी घालून चालत नाही, धक्का सोसत नाही आणि विशेष म्हणजे वयाबरोबर थोडी थोडी लांब होत जाते. गियोमने तिला उकळत्या पाण्याच्या तापमानापासून आठवडेच्या आठवडे हळूहळू निववून ‘पिकविण्याची’ रीत बसविली. उन्हाला न बधणारे पोलाद काळापुढे मात्र किंचित वाकत होते.

१९२० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक गियोमला मिळाले. पुढील वर्षाच्या पारितोषिकावर आइन्स्टाइनचे नाव असल्यामुळे, धातूच्या तारा मोजणाऱ्याला हा मान कसा, असे नाक पुढे अनेकांनी मुरडले आहे. हे नाक मुरडणे न्याय्य नाही. मनगटावरील घड्याळे कित्येक दशके वेळ नीट दाखवीत आली, ती गियोमनेच शोधलेल्या ‘एलिन्व्हार’ या भावंड धातूच्या वंशातील केसासारख्या कमानींमुळे. तापमान बदलले तरी त्या कमानीचा ताठपणा बदलत नाही. आणि मुख्य म्हणजे गियोमने जगापुढे जो चमत्कार ठेवला त्याचे कारण सांगावयास आइन्स्टाइननंतरच्या पदार्थविज्ञानालाही शंभर वर्षे पुरली नाहीत.

कारण कोठे दडले आहे याचा सुगावा मात्र लवकर लागला होता. इंग्लंडचे जॉन हॉपकिन्सन यांना १८८९ च्या सुमारास दिसले होते की शेकडा २५ भाग निकेल असलेले पोलाद लोहचुंबकाला चिकटत नाही. ते खूप थंड केले की चिकटू लागते आणि पुन्हा नेहमीच्या तापमानाला आणले तरी चिकटतच राहते. गियोमला हे ठाऊक होते. इन्व्हारचे आश्चर्य आणि त्याचे चुंबकत्व बरोबरच संपतात, हेही उघड झाले. इन्व्हार अडीचशे अंशांच्या आसपास तापविले की त्याचे चुंबकत्व जाते. आणि त्यापुढे ते इतर धातूंप्रमाणे निमूटपणे वाढू लागते. प्रश्न उष्णतेचा, पण उत्तर लोहचुंबकाच्या घरी.

लेझमीच्या पथकाची कल्पना केली म्हणजे हे समजावयास सोपे जाते. नायकाच्या शिट्टीवर सगळे एका दिशेला तोंड करून, हात पसरून, ठराविक अंतरावर उभे असतात. शिस्तीमुळे पथकाने मैदान व्यापलेले असते. धातूतील प्रत्येक अणू हा एक चिमुकला लोहचुंबक आहे, आणि इन्व्हारमध्ये हे अणू एका दिशेने उभे राहिले की अशीच अधिक जागा मागतात. आता उष्णता द्या. एकीकडे प्रत्येक अणू अधिक जोराने थरथरतो आणि शेजाऱ्याला लोटतो. सगळ्या धातूंना हीच थरथर वाढविते. पण त्याच वेळी शिस्त मोडते, तोंडे भलतीकडे वळतात, पसरलेले हात खाली येतात, आणि अणूंना पूर्वीइतकी जागा लागत नाही. एक क्रिया धातूला वाढविते, दुसरी आवळते. शेकडा ३६ भाग निकेलच्या आसपास या दोन क्रिया जवळजवळ बरोबरीने सुटतात. कोल्बीने लोखंड व पितळ यांना शेजारी ठेवून जी जुळणी बाहेरून केली होती, ती या धातूने आपल्या अंतरंगात आपोआप केलेली आहे; आणि तेथे एक पट्टी आधी व दुसरी मागाहून तापण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

निकेलचे प्रमाण आणखी वाढविले की याच जोडीचे दुसरे रूप दिसते. अमेरिकेत बेल कंपनीच्या गुस्टाफ एल्मेन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शेकडा ७८ भाग निकेलचा ‘परमॅलॉय’ पुढे आणला. यात प्रसरणाची नवलाई नाही. परंतु अत्यंत दुबळ्या चुंबकी क्षेत्रालाही हा मिश्रधातू तत्काळ प्रतिसाद देतो आणि क्षेत्र जाताच विसरून जातो. १९२४ मध्ये न्यूयॉर्कहून अझोर्स बेटांकडे टाकलेल्या समुद्राखालच्या तारेला त्याची फीत गुंडाळली होती, आणि संदेशांचा वेग कितीतरी पटींनी वाढला. आकाशवाणीचे धारवाड केंद्र १९५० मध्ये सुरू झाले. त्या जमान्यातील ध्वनिफितीच्या यंत्रांत फितीवरचे चुंबकी ठसे वाचणारे शिर बहुधा याच जातीच्या पातळ पत्र्यांचे असे.

महाराष्ट्रात या धातूची गाठ एका जुन्या प्रश्नाशी पडली. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरताच ही नोंद बिघडणार हे ओळखून, वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांनी १९०४ मध्ये ते काम अलिबागेस नेले आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे समांतर नोंदी घेऊन धागा तुटू दिला नाही. अलिबागची इमारत बांधताना लोखंड वर्ज्य केले होते आणि आतील तापमान शक्य तितके अढळ राहील अशी रचना केली होती. उष्णतेने चुंबकाचे बळ बदलते. म्हणजे लॅम्टनला जी भीती साखळीची, तीच येथे चुंबकसूचीची. आज पृथ्वीच्या चुंबकत्वातील क्षणाक्षणाचे फेरफार टिपणारी जी ‘फ्लक्सगेट’ यंत्रे अशा वेधशाळांत असतात, त्यांच्या गाभ्यात परमॅलॉय जातीची लोखंड-निकेलचीच पट्टी असते. लोखंडाला जेथे दार बंद होते तेथे ते निकेलचा हात धरून आत आले.

यानंतरचा अध्याय हा धातू अतिशय पातळ करण्याचा. १९५५ मध्ये अमेरिकेतील ब्लॉइस यांनी निर्वात पात्रात परमॅलॉयची वाफ करून तिचा पापुद्रा काचेवर बसविला, आणि तो बसत असताना चुंबकी क्षेत्र लावून ठेवले. केसाच्या जाडीचा हजारावा हिस्सा एवढाच तो थर. त्यातील चुंबकत्व एका ठराविक दिशेलाच पसंती देते आणि त्या दिशेत उलटसुलट झटक्यात पलटते. हो किंवा नाही लक्षात ठेवावयास आणखी काय हवे? १९६२ मध्ये युनिव्हॅक ११०७ या गणकयंत्रात अशा पापुद्र्यांची स्मृती बसविली गेली. १९७९ मध्ये आयबीएमने चकत्यांवरील माहिती लिहिणारी व वाचणारी शिरे अशाच पापुद्र्यांची घडविली.

आणि येथे जुना वैरी पुन्हा उभा राहिला. मोकळी तार स्वतःच्या स्वभावाप्रमाणे वाढते किंवा आखडते. काचेला चिकटलेल्या पापुद्र्याला ती मुभा नाही. काच जितकी वाढेल तितकेच त्याने वाढावे. स्वभाव निराळा असला तर तो ताणला जातो अथवा दाबला जातो. हा ताण नुसता ताण राहत नाही. लोखंड-निकेलमध्ये चुंबकत्वाने आकार बदलतो, तसाच ताणाने चुंबकत्वाचाही कल बदलतो. म्हणजे तापमान चढले की ताण, ताणामुळे चुंबकत्वाची दिशा डळमळीत, आणि त्यामुळे लिहिलेले पुसट. यावर इलाज मिळाला तो पुन्हा प्रमाणातच. निकेल शेकडा ८० च्या जरा पुढे असले की ताणाचा चुंबकत्वावरील परिणाम जवळजवळ शून्य होतो. ८१ च्या आसपासचे पापुद्रे म्हणून गणकयंत्रांना मानवले.

शेकडा ३६ चा पापुद्रा मात्र हट्टी निघाला. विजेच्या साहाय्याने द्रावणातून तो बसविला, तर रासायनिक प्रमाण बिनचूक असूनही प्रसरण इन्व्हारसारखे कमी येत नाही. अणूंची मांडणी दोन प्रकारची होऊन बसते, आणि इन्व्हारची करामत त्यांपैकी एकाच मांडणीत असते. काहीशे अंशांवर भट्टीत ठेवल्यावर अणू आपापल्या जागी सरकतात, आणि मगच पापुद्रा इन्व्हारसारखा वागू लागतो. हा खटाटोप हौसेचा नाही. चलत्‌ध्वनींच्या चकचकीत पडद्यांवर रंगांचे ठिपके बसविताना जी छिद्रांची जाळी वापरतात, ती कागदाहून पातळ अशा इन्व्हारची असते. तापून ती किंचित जरी सरकली तरी तांबडा ठिपका हिरव्याच्या घरात पडेल. साडेसात मैलांच्या रेषेवर इंच मोजणारा प्रश्न आता तळहाताएवढ्या पडद्यावर आला आहे.

कारणमीमांसेचे काय झाले? १९६३ मध्ये वाइस यांनी असे सुचविले की या मिश्रधातूत लोखंडाचा अणू दोन अवस्थांत राहू शकतो, एक अधिक चुंबकी व मोठी, दुसरी कमी चुंबकी व लहान. तापले की दुसरीची गर्दी वाढते. कल्पना आकर्षक होती व पुष्कळ वर्षे टिकली, परंतु प्रयोगांशी तिचे सर्वत्र जुळेना. १९९९ मध्ये गणकयंत्रांच्या आधारे असे दाखविले गेले की अणूंचे चुंबकत्व दोनच कप्प्यांत नसते. आकारमान कमी होताना त्यांच्या दिशा हळूहळू एकमेकींपासून फाकत जातात. थरथरीचा वाटा किती आणि शिस्तभंगाचा किती, हे प्रत्यक्ष वेगवेगळे मोजण्याचे काम कॅलिफोर्नियातील संशोधकांनी केले व २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. इन्व्हारला प्रचंड दाबाखाली धरून क्ष-किरणांनी पाहिले असता दोन्ही वाटे खरोखरच एकमेकांना जवळजवळ पूर्णपणे खोडून काढतात असे दिसले. गियोमच्या पहिल्या गजाला तेव्हा १२७ वर्षे होत आली होती.

पायारेषा तारेने मोजण्याचे दिवस १९५० नंतर सरत गेले. आधी रेडिओलहरींनी व प्रकाशाने अंतर मोजणारी यंत्रे आली, नंतर उपग्रह. तरीही एका कामात उपग्रहांवर सर्वस्वी विसंबता येत नाही, ते म्हणजे उंचीचे काटेकोर मोजमाप. धरणाची भिंत खचते आहे काय, पुलाचा खांब किती बसला, हे मिलिमीटरच्या हिश्शात जाणण्यासाठी मोजणीदार आजही दुर्बीण लावतो आणि समोर सहकारी एक उभी दांडी धरून राहतो. दांडी बाहेरून साधी दिसते. तिच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक अरुंद पट्टी सैल बसविलेली असते, खालच्या टोकाला जखडलेली आणि वर कमानीने ताणलेली, म्हणजे दांडीचे उरलेले अंग उन्हात वाढले तरी पट्टीला त्याचा ओढा लागू नये. खुणा असतात त्या पट्टीवर, आणि पट्टी असते शेकडा ३६ भाग निकेलची.